कपाटाचा झरोका : वाऱ्यास उघडा, लहरीस बंद

विषयाचे नाव वाचून काही मंडळींच्या कपाळास आठी पडली असेल, तर तो दोष त्यांचा नव्हे. विजेच्या उपकरणांच्या लोखंडी कपाटाला हवेसाठी भोके ठेवतात. त्या भोकांविषयी तासभर बोलण्यासारखे ते काय असणार, असे कोणासही वाटावे. आमची विनंती एवढीच, की आज घरी परतताना इमारतीच्या लिफ्टच्या यंत्रखोलीत, बँकेच्या संगणकाच्या दालनात किंवा मोबाइलच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी जे करड्या रंगाचे कपाट उभे असते, त्याच्याकडे एकवार नीट पाहावे. त्याच्या दारावर किंवा कुशीला बारीक भोकांची जाळी दिसेल. ही भोके गोल आणि लहानच का? एक सुबकशी लांब फट ठेवली असती तर काय बिघडले असते? आणि काही मोलाच्या कपाटांना मधमाशीच्या पोळ्यासारखी दळदार जाळी कशासाठी बसवतात? या साध्या प्रश्नांच्या मागे जवळजवळ दोनशे वर्षांचे पदार्थविज्ञान उभे आहे. आणि त्यांची उत्तरे चुकली, तर इस्पितळात रोग्याच्या तपासणीचे चित्र बिघडण्यापर्यंत मजल जाते.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. विजेच्या उपकरणात जेवढी वीज शिरते, तिचा बहुतेक सर्व भाग अखेर उष्णताच होतो. संगणकाने कितीही मोठे गणित सोडवले, तरी त्याच्या पेटीतून बाहेर पडते ती ऊबच. एक किलोवॉट वीज खाणारे कपाट म्हणजे बंद पेटीत ठेवलेली एक किलोवॉटची शेगडीच म्हणावयाची. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवण्यास सुमारे बाराशे ज्यूल ऊर्जा लागते. तेव्हा आत आलेली हवा दहा अंशांनीच तापून बाहेर जावी अशी अट घातली, तर या कपाटातून मिनिटाला पाच घनमीटर हवा खेळवली पाहिजे. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशी खोली घेतली, तर तिच्यातील सगळी हवा साडेपाच मिनिटांत कपाटातून जाते, असा त्याचा अर्थ. नागपूरच्या वैशाखात आत शिरणारी हवाच ४५ अंशांची असते. ती ५५ अंशांची होऊन बाहेर पडते, आणि प्रत्यक्ष भाग तर तिच्याहूनही तापलेले असतात. आतल्या काही भागांना, विशेषतः द्रव भरलेल्या धारित्रांना, ही ऊब मानवत नाही. दर दहा अंश वाढीमागे त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातील लोकांचा ढोबळ अडाखा आहे. म्हणून उष्णतेचा अभियंता म्हणतो : झरोका मोठा ठेवा, जमल्यास पत्राच काढून टाका.

त्याच्या शेजारी बसलेला दुसरा अभियंता मात्र झरोका म्हटले की बिथरतो. त्याचे भांडण हवेशी नाही, लहरींशी आहे. शेजारच्या घरी मिक्सर सुरू झाला की आपल्या रेडिओत खरखर होते, हा अनुभव जुन्या पिढीस नवा नाही. विजेचा प्रवाह जेथे जेथे झटक्याने बदलतो, तेथून विद्युच्चुंबकीय लहरी उठतात. आजच्या उपकरणांचे कामच मुळी असे झटके देण्याचे. संगणकाच्या पोटातील घड्याळ सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद होते; आणि चालू-बंद होणारा चौकोनी ठोका एकाच सुराचा नसतो. तबल्याच्या शाईवर बोट पडले की मूळ स्वराबरोबर वरचेही स्वर उमटतात, तसेच येथेही होते. शंभर मेगाहर्ट्झचे घड्याळ असेल, तर त्याच्याबरोबर तीनशे, पाचशे, सातशे अशा वरच्या पट्टीच्या लहरीही निघतात. (जुन्या रेडिओच्या तबकडीवर यालाच ‘मेगॅसायकल’ म्हणत. नाव बदलले, वस्तू तीच.) या लहरी बाहेर पडल्या तर शेजारच्या उपकरणास छळतात, आणि बाहेरच्या आत शिरल्या तर आपले उपकरण चळते. रेडिओतील असल्या उपद्रवावर नियम ठरवण्यासाठी १९३४ साली पॅरिसला एक आंतरराष्ट्रीय समिती बसली. तिचे काम आजही चालू आहे. हा अभियंता म्हणतो : पेटी चारी बाजूंनी पत्र्याने मढवा, सुईच्या अग्राएवढीही जागा ठेवू नका.

दोघांचेही म्हणणे खरे. एकाचे ऐकावे तर उपकरण भाजते, दुसऱ्याचे सोडावे तर ते बहकते. या भांडणातून वाट कशी निघते, तोच आजचा विषय.

पत्र्याची पेटी विजेला अडवते, हे प्रथम ठसठशीतपणे दाखवले ते मायकेल फॅरडे याने. १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि तितकाच उंच असा लाकडी सांगाडा उभारला, त्याला तांब्याची तार आणि कथलाचा वर्ख लावून तो विद्युत्वाहक केला, आणि पेटलेल्या मेणबत्त्या व विजेची जाणीव देणारी नाजूक उपकरणे घेऊन स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून यंत्राने त्या सांगाड्याला इतकी वीज भरली, की त्याच्या अंगावरून ठिणग्या उडू लागल्या. पण आत बसलेल्या फॅरडेच्या उपकरणाचे पान हलले नाही. त्याचा हा प्रयोग स्थिर विजेचा होता. लहरींचे गणित मॅक्सवेलने १८६५ साली मांडले, आणि हर्ट्झने १८८७-८८ च्या सुमारास त्या प्रत्यक्ष उत्पन्न करून दाखवल्या. लहरींच्या बाबतीत पेटी अडवते खरी, परंतु तिची अडवण्याची रीत निराळी आहे, आणि ही रीत ध्यानात आली नाही तर पुढचे सगळे प्रकरण उलटे समजते.

सामान्य समजूत अशी, की लहर म्हणजे डासासारखी काही वस्तू असून पत्रा म्हणजे मच्छरदाणी. भोक डासाहून लहान असले की डास अडतो, मोठे असले की शिरतो. उपमा सोपी आहे, पण फसवी आहे. लहर पत्र्यावर येऊन आदळते तेव्हा ती पत्र्यात विजेचे प्रवाह उठवते. हे प्रवाह पत्र्याच्या पृष्ठभागावरून इकडून तिकडे धावतात आणि स्वतः एक उलटी लहर निर्माण करतात; ही उलटी लहर मूळ लहरीला आतल्या बाजूस पुसून टाकते. म्हणजे पत्रा भिंतीसारखा नुसता उभा राहून लहर अडवत नाही; त्याच्या अंगावरून धावणारे प्रवाह ती अडवतात. प्रवाहांना धावू दिले तर संरक्षण आहे, त्यांची वाट मोडली तर नाही. पत्रा जाड असण्याची तर फारशी गरजच नसते. शंभर मेगाहर्ट्झची लहर तांब्यात मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाइतक्या खोलीतच ओसरू लागते. घरातील पन्नास हर्ट्झच्या विजेचे चुंबकत्व अडवणे हा निराळा आणि अधिक जड उद्योग आहे. त्यात आज शिरत नाही. आपल्या लहरींसाठी कपाटाचा एक मिलिमीटरचा पत्रा गरजेहून किती तरी जाड आहे. संरक्षण तुटते ते पत्र्याच्या पातळपणामुळे नव्हे, त्यातील छिद्रांमुळे.

आता ही छिद्रे काय करतात ते पाहा. आषाढात पालखी निघाली आहे, वारकऱ्यांचा लोंढा रस्त्यावरून पुढे सरकतो आहे, अशी कल्पना करा. वाटेत मधोमध एखादी विहीर आली, तर लोक तिच्या दोन्ही बाजूंनी वळून जातात आणि पुढे पुन्हा एक होतात. चालीत फरक पडत नाही. पण रस्त्याला आडवा हातभर रुंदीचाच पण या कडेपासून त्या कडेपर्यंत चर खणला असेल, तर सगळा लोंढा तुंबतो, कडेकडेने वळसा घालू लागतो, आणि काठावर चेंगराचेंगरी होते. चराची रुंदी येथे महत्त्वाची नाही. त्याची लांबी महत्त्वाची. पत्र्यातील प्रवाहांचेही नेमके असेच होते. गोल भोक त्यांना सहज वळून ओलांडता येते. पण लांब फट आडवी आली, की फटीच्या दोन काठांमध्ये विजेचा दाब साठतो, आणि ती फट स्वतःच लहर फेकणारी ‘एरियल’ बनते. हे आम्ही अलंकाराने बोलत नाही. पत्र्यात मुद्दाम फट कापून तिचा एरियलसारखा उपयोग करणे हा विमानविद्येतला नित्याचा प्रकार आहे. बाहेर काठी काढली तर ती वाऱ्यात अडते, म्हणून विमानाच्या अंगातच फट ठेवतात.

फट किती लांब असली म्हणजे घातक, हे लहरीच्या लांबीवर ठरते. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. या वेगाला तिच्या कंपनसंख्येने भागले की तरंगलांबी निघते. मध्यम लहरींच्या रेडिओची तरंगलांबी तीनशे मीटरच्या आसपास, एफ. एम. ची तीन मीटर, जुन्या मोबाइलच्या नऊशे मेगाहर्ट्झची ३३ सेंटिमीटर आणि घरातल्या वाय-फायची साडेबारा सेंटिमीटर. फट अर्ध्या तरंगलांबीइतकी झाली, की तिच्यापुरता पत्रा असून नसल्यासारखा. त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी ठेवली, तर आत जाणाऱ्या लहरीचा जोर एकदशांश. शंभराव्या हिश्श्याइतकी ठेवली, तर एकशतांश. अभियंते हे प्रमाण ‘डेसिबेल’मध्ये बोलतात : जोर एकदशांश झाला की वीस डेसिबेल, शतांश झाला की चाळीस, सहस्रांश झाला की साठ. तीनशे मेगाहर्ट्झची लहर एक मीटरची. तिच्यासाठी अर्धा मीटर लांब फट म्हणजे उघडे दार, पाच सेंटिमीटरची फट म्हणजे वीस डेसिबेल आणि पाच मिलिमीटरचे भोक म्हणजे चाळीस डेसिबेल.

एका भोकाने हवा पुरत नाही, शंभर पाडावी लागतात. मग गळती शंभरपट होत नाही काय? ढोबळ हिशेबाने ती दसपट होते. म्हणजे चाळीसातले वीस डेसिबेल गेले आणि वीस उरले. तेव्हा पाच मिलिमीटरची शंभर भोके आणि पाच सेंटिमीटरची एकच फट यांची गळती सारखीच ठरली. आता दोहोंतून हवा किती जाते ते मोजा. शंभर भोकांचे क्षेत्रफळ सुमारे वीस चौरस सेंटिमीटर. आणि ती फट केसाएवढी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी रुंद धरली, तर तिचे क्षेत्रफळ एका चौरस सेंटिमीटरच्या विसाव्या भागाइतके. लहरीच्या दृष्टीने नुकसान तेच, पण वाऱ्यासाठी भोकांची वाट चारशेपट मोठी. एका लांब फटीचे लहान भोकांत तुकडे करणे हा दोन अभियंत्यांमधला पहिला तह. फटीचा दुष्टपणा हा, की ती डोळ्यांना दिसत नाही. झरोक्याची जाळी सगळ्यांना दिसते आणि लोक तिच्यावरच संशय घेतात. खरा चोर पुष्कळदा दाराच्या कडेला, झाकणाच्या सांध्यात, दोन स्क्रूंच्या मध्ये लपलेला असतो.

याची प्रचीती घरीच घेता येईल. पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात मोबाइल ठेवा, झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून तो वाजवा. पुष्कळांचा फोन आतून खुशाल वाजतो. डब्याला भोक एकही नाही. पण झाकण आणि डबा यांच्यामधली फट डब्याच्या घेराएवढी, म्हणजे वीतभराच्या डब्यालाही साठ-सत्तर सेंटिमीटर, आणि दोन्ही धातू चार-दोन ठिकाणीच एकमेकांना टेकलेले. मोबाइलच्या लहरीला ही फट म्हणजे राजरस्ता. मध्यम लहरींचे एखादे केंद्र अजून ज्या गावी लागते, तेथे त्याच डब्यात लहानसा ट्रान्झिस्टर ठेवून पाहावा. त्याचा आवाज बसतो किंवा पारच थांबतो, कारण तीनशे मीटरच्या लहरीपुढे साठ सेंटिमीटरच्या फटीला काही मोल नाही. एकच डबा, एकच फट. एका लहरीला बंद, दुसरीला खुली.

हा प्रयोग काही मंडळी मायक्रोवेव्हच्या भट्टीत करतात. (भट्टी बंद ठेवून, तारेची पिन काढून, फोन आत ठेवून भट्टी चालू करण्याचे धाडस कोणी करू नये.) तेथेही फोन वाजला, की ‘म्हणजे भट्टीतून लहरी गळतात!’ असा घाबरा निष्कर्ष निघतो. तो चूक आहे. भट्टीच्या काचेमागची जाळी पाहावी : भोके मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, आणि आतली लहर २४५० मेगाहर्ट्झची, म्हणजे बारा सेंटिमीटरची. जाळीतून उजेड सहज बाहेर येतो, कारण उजेडाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी; म्हणूनच आतला पदार्थ दिसतो आणि आपण मात्र शिजत नाही. दाराच्या कडेला तर धातूला धातू टेकवण्याची खटपटही केलेली नसते. तेथे पाव तरंगलांबीची, तीन सेंटिमीटरच्या हिशेबाची एक खाच असते आणि ती नेमकी त्याच एका लहरीला परत फिरवते. मोबाइलची लहर निराळी असली, की तिच्यापुढे ही खाच हतबल होते. शिवाय मोबाइलचा कान फार तिखट. एका वॉटच्या दहा लाखाव्या भागाचे पुन्हा दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागावरही त्याचे काम चालते. अमेरिकेत १९७१ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे भट्टीपासून पाच सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॉटहून अधिक गळती तिच्या सबंध आयुष्यात होता कामा नये. माणसाच्या अंगाला ती मर्यादा पुरते. मोबाइलच्या कानाला ती मर्यादा म्हणजे ढोल-ताशे. संरक्षण पुरेसे आहे की नाही, हे पेटीवरून ठरत नाही. कोणाला कोणापासून वाचवावयाचे आहे, त्यावरून ठरते.

जाळीतून वारा जावा आणि लहर परतावी, याचा सर्वांत भव्य नमुना पाहावयाचा असेल तर लांब जाण्याचे कारण नाही. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगावाला जावे आणि तेथून खोडदला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण तेथे आहे : पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. एवढी तबकडी सलग पत्र्याची केली असती, तर वादळात ती गलबताच्या शिडासारखी वारा पकडती. आणि ती पेलण्याइतका सांगाडा उभारावयाचा, तर खर्च आवाक्याबाहेर जाता. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) आणि त्यांचे सहकारी यांनी पत्रा टाकून दिला आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी ताणलेल्या दोरांवर बसवली. मध्यभागी दहा मिलिमीटरची घरे, मग पंधराची, आणि कडेला वीसची. वारा जाळीतून निघून जातो. पण या दुर्बिणीची सर्वांत आखूड लहर सुमारे वीस-एकवीस सेंटिमीटरची. तिच्यापुढे दोन सेंटिमीटरचे घर म्हणजे दशांश. ती परतते आणि केंद्राकडे जाते. तुमच्या कपाटाच्या झरोक्याचाच हा थोरला भाऊ. आम्हांस तर वाटते, हा विषय शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यांना प्रथम खोडदला न्यावे आणि मग पाठ्यपुस्तक उघडावे.

याच दुर्बिणीमुळे कपाटाच्या झरोक्याचे महत्त्वही कळते. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो, की चंद्रावर एखादा साधा मोबाइल चालू ठेवला असता, तर तो आकाशातील बहुतेक रेडिओ-उगमांहून तेजस्वी भासला असता. अशा कानाशेजारी उभ्या असलेल्या संगणकाच्या कपाटाने थोडीशी जरी कुजबूज केली, तरी दीर्घिकांचा आवाज तिच्यात बुडतो. अशा ठिकाणी वीस किंवा चाळीस डेसिबेलची जाळी कामाची नाही; जोर लाखपटीने कमी करणारे काही तरी हवे, आणि तरीही वारा खेळता हवा.

ते काही तरी म्हणजे मधमाशीचे पोळे. त्याची गंमत उमजावी म्हणून बोरघाटातील बोगद्यांची आठवण करून देतो. कर्जतहून लोणावळ्यास चढताना गाडी बोगद्यात शिरली, की मध्यम लहरींवर चाललेले गाणे गपकन बंद पडे, एफ. एम. चे मात्र थोडे आतपर्यंत सोबत येते. बोगद्याचे तोंड तर सताड उघडे आहे. मग गाणे अडले कोठे? कारण असे, की वाहक भिंतींना लागून विजेचे क्षेत्र शून्य व्हावे लागते. दोन भिंतींच्या मध्ये लहर चालावयाची तर निदान अर्धी लहर त्या रुंदीत मावली पाहिजे; या टोकाला शून्य, मध्ये फुगवटा, त्या टोकाला पुन्हा शून्य. तीन मीटरच्या लहरीची अर्धी बोगद्यात मावते; तीनशे मीटरच्या लहरीची मावत नाही. जी मावत नाही ती पुढे चालतच नाही; तोंडाशीच विरत जाते. खडक म्हणजे काही तांब्याचा पत्रा नव्हे, आणि बोगद्यात लहर विरण्यास इतरही कारणे आहेत, परंतु मुख्य गोष्ट हीच. नळीतून लहर केव्हा जाते आणि केव्हा जात नाही, याचे गणित लॉर्ड रॅले याने १८९७ मध्येच करून ठेवले होते. ते प्रत्यक्षात उतरण्यास १९३६ साल उजाडले. अमेरिकेत साउथवर्थ आणि बॅरो या दोघांनी, एकमेकांस न कळत, धातूच्या नळीतून लहरी नेऊन दाखवल्या. त्यांना लहर न्यावयाची होती. आपणांस अडवावयाची आहे. गणित तेच, हेतू उलटा.

पत्र्यातील भोक आणि नळी यांत फरक फक्त खोलीचा. गोल नळीचा व्यास तरंगलांबीच्या मानाने पुष्कळ लहान असेल, तर नळीत एका व्यासाइतके अंतर आत जाताच लहरीचा जोर सुमारे चाळिसावा हिस्सा होतो. आणखी एक व्यास आत गेले, की चाळिसाव्याचा पुन्हा चाळिसावा. तीन व्यास गेले, की चौसष्ट हजारावा. म्हणजे पाच मिलिमीटरचे भोक केवळ पंधरा मिलिमीटर खोल केले, एवढ्याने अंगठ्याच्या रुंदीहूनही कमी जाडीत लहरीचे जवळजवळ सगळे बळ संपते. वाऱ्याला मात्र ही खोली बाधत नाही. उलट सरळ नळ्यांतून तो अधिक शिस्तीने वाहतो. अशा शेकडो षट्कोनी नळ्या एकमेकींना चिकटवल्या, की पोळे तयार. षट्कोन अशासाठी, की मध्ये जागा वाया जात नाही. तीन मिलिमीटरची गोल भोके चार-चार मिलिमीटरवर पाडलेला पत्रा घेतला, तर वाऱ्याला निम्मीच जागा मोकळी मिळते. पातळ पत्रीच्या पोळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक मिळते. दोन्ही अभियंते येथे प्रथमच एकाच वेळी प्रसन्न होतात. खर्च पाहून तिसरा, म्हणजे हिशेबनीस, नाराज होतो. ती गोष्ट निराळी.

इतके चांगले पोळे आणून बसवले, तरी ते निकामी करण्याच्या वाटा पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेक चांगल्या हेतूने चोखाळल्या जातात. कारखान्यातील रंगारी कपाटाला चोख रंग देतो, झरोक्याच्या चौकटीच्या कडेलाही देतो. रंग म्हणजे विजेला निरोधक. पोळे स्क्रूंनी घट्ट बसले, पण धातूला धातू लागलाच नाही. भोवती चौकोनी फट पडली, आणि वर सांगितलेल्या डब्याच्या झाकणाची गत झाली. चौकटीची कड उघडी, रंगहीन ठेवून तिच्यात तारेच्या विणीची किंवा स्प्रिंगसारख्या धातूच्या पट्टीची वाहक गादी घालावी लागते. पोळे ॲल्युमिनियमच्या पत्र्या डिंकाने जोडून केलेले असेल, तर तो डिंकही निरोधकच. एका दिशेने प्रवाह नीट धावतात, दुसऱ्या दिशेने अडखळतात. यावर उपाय म्हणजे पोळ्यावर धातूचा मुलामा चढवणे, किंवा दोन पातळ पोळी काटकोनात एकावर एक ठेवणे. कोकणच्या खाऱ्या हवेत आणखी एक शत्रू भेटतो. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले, की त्यांतील एक गंजू लागतो. आज चोख असलेला सांधा दोन पावसाळ्यांनी पांढऱ्या भुकटीने भरतो.

याहूनही घातक गोष्ट म्हणजे झरोक्यातून ओढलेली तार. नवी घंटा जोडावयाची आहे, भोक पाडण्याचा कंटाळा आहे, समोर जाळीला तयार भोक आहे; मिस्त्री त्यातून तार ओवून मोकळा होतो. नळीत अर्धी लहर मावली पाहिजे ही अट रिकाम्या नळीची. मध्ये तार आली, की ती अट उडते. तारेच्या आधाराने कोणतीही लहर खुशाल आत-बाहेर करते, आणि बाहेर लोंबणारी तार तिला एरियलसारखी पसरवते. एका तारेने सबंध पोळ्याचे काम धुळीस मिळते. त्याच नळीतून काचेचा तंतू ओवला तर बिघडत नाही, कारण काच विजेची वाहक नव्हे. पाण्याची नळी मात्र जपून न्यावी. शुद्ध पाणी वाहक नसले, तरी पाण्यात लहर सुमारे नऊपट आखूड होते, आणि हवेत जी नळीत मावत नव्हती ती मावू लागते.

आणि धूळ! आपल्या देशात झरोक्याचा खरा मालक धूळच. बारीक छिद्रे सहा महिन्यांत बुजतात, आतली ऊब वाढते, यंत्र आपोआप बंद पडू लागते. मग काय होते, ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे : कपाटाचे दार उघडून समोर टेबलपंखा लावून ठेवतात. ऊब उतरते, यंत्र चालू राहते, आणि सर्वांना समाधान वाटते. दारात उभ्या असलेल्या त्या पंख्याने लाखमोलाचे पोळे पुरते निरर्थक केले, हे कोणाच्या गावीही नसते. दोष त्या पंखा लावणाऱ्याला देण्यात अर्थ नाही. त्याला जाळी झाडण्याचे कोणी सांगितले नव्हते, आणि दार का मिटलेले हवे हेही सांगितले नव्हते.

इस्पितळात हे अज्ञान महागात पडते. चुंबकीय अनुनादाने, म्हणजे ‘एम. आर. आय.’ने, शरीराचे अंतरंग दाखवणारे यंत्र ज्या खोलीत असते, ती सबंध खोलीच तांब्याने मढवलेले कपाट असते. दीड टेस्ला शक्तीचे यंत्र सुमारे चौसष्ट मेगाहर्ट्झवर शरीरातून येणारा अतिक्षीण आवाज ऐकते. आत माणूस झोपलेला, म्हणून हवा हवीच. ती भिंतीतील पोळ्यांतून खेळवतात. ऑक्सिजनची प्लॅस्टिकची नळी भिंतीत बसवलेल्या खोल धातुनळीतूनच ओवतात. दाराच्या कडेच्या स्प्रिंगपट्ट्या झिजल्या, किंवा कोणी धातुनळीतून एखादी साधी तार आत नेली, की बाहेरचा कोलाहल आत शिरतो आणि चित्रावर रेघांचा पट्टा उमटतो. तो पट्टा नेमका मेंदूतील एखाद्या बारीक गाठीवरून गेला, तर डॉक्टरने काय वाचावे? तपासणी पुन्हा करावी लागते, रोग्याला पुन्हा तासभर त्या बोगद्यात पडावे लागते. आणि एवढे करूनही कारण दारात आहे हे उमगले नाही, तर पट्टा पुन्हा येतोच.

आता पुढचे. संदेशवहनाच्या लहरी वर्षानुवर्षे आखूड होत चालल्या आहेत. नव्या मोबाइलसाठी आपल्याकडे सव्वीस गिगाहर्ट्झचाही पट्टा दिलेला आहे. तिची तरंगलांबी एका सेंटिमीटरहून थोडीच अधिक. पाच मिलिमीटरचे भोक तिच्यासाठी जवळजवळ अर्धी लहर; म्हणजे आजवर जी जाळी निर्धास्त मानली, ती तिच्यापुढे उघडी पडते. भोके मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर आणावी, तर वारा कोंडतो आणि धूळ अधिक लवकर बसते. पंखा मोठा करावा, तर त्याची मोटर स्वतःच नवा गोंगाट उठवते. म्हणून काही ठिकाणी आता झरोकाच बुजवू लागले आहेत. कपाट पूर्ण बंद ठेवावयाचे, आतली ऊब पत्र्याच्या भिंतीतून बाहेरच्या पंखाळ्यांना द्यावयाची, किंवा पाण्याच्या नळ्यांनी ओढून न्यावयाची. तेथे पुन्हा ती पाण्याची नळी भिंतीतून कशी ओवावी, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर असे, की पाणी भिंतीतून जाते तेवढ्या पट्ट्यात नळी धातूचीच घ्यावयाची, आणि ती भिंतीच्या पत्र्याला सबंध घेराने सांधावयाची. एका बाजूने टाका आणि तीन बाजूंनी फट, असे चालत नाही. नळीचा व्यास ठरवताना तिच्यातील लहर हवेतल्याहून नऊपट आखूड धरावयाची, आणि त्या मानाने नळी अरुंद व लांब ठेवावयाची.